आलूबोंड्याचं माप

“किल्ल्या टाक! राइस मिलच्या किल्ल्या मुकाट्यानं माझ्या पायाशी टाक, नाहीतर तुझ्या कुंकवाची राखरांगोळी करीन!”

केशोरीतल्या धानाच्या रिकाम्या गोदामात मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, नाटकाची तालीम चालली होती आणि खलनायक असा ओरडत होता, की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट छत्तीसगडात जाऊन बसली. नायिका हात जोडून थरथरत होती. समोर पोत्यांच्या थप्पीवर आम्ही तिघं प्रेक्षक होतो: मी, आमचे सर आणि सरांच्या हातून ऑपरेशन झालेला एक बाबाजी. तेवढ्यात सर उठले आणि खलनायकापेक्षाही वरच्या पट्टीत ओरडले, “थांब! तोंड मिटू नको! आहे तस्साच राय!”

खलनायक तसाच राहिला. तोंड उघडं, हात हवेत, मिशी वर. सरांनी खिशातली प्लास्टिकची पट्टी काढली, टॉर्च स्वतःच्या दातांत धरली आणि रंगमंचावर चढून पट्टी त्याच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी लावली. नायिकेला वाटलं, नाटक बदललं. तिनं लगोलग खलनायकाला सोडून सरांचे पाय धरले. दिग्दर्शक वही पुढून-मागून चाळत डॉक्टरचा प्रवेश शोधू लागला. पेटीवाल्यानं काही न सुचून दुःखाचा सूर धरला. आणि मला, खोटं कशाला सांगू, काहीही कळत नव्हतं. पण सरांबरोबर काम करायचं म्हणजे न कळणं ही रोजचीच ड्यूटी होती.

सर कॅन्सरचे सर्जन. गोंदियातल्या आमच्या दवाखान्यात ते तोंडाची ऑपरेशनं करायचे. आमच्याकडे माणूस जन्मला की आधी रडतो आणि मग खर्रा मागतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि गालात ठेवायचा, तो पार गाल जाईपर्यंत. मग तो गाल, कधी अर्धा जबडा सर काढत. त्यावर रेडिएशनचा शेक. आणि या सगळ्यातून माणूस वाचला की त्याचं तोंड हळूहळू मिटत जायचं, गंजलेल्या फाटकासारखं. शेवटी चमचाही आत जायचा नाही. तिथे माझं काम सुरू व्हायचं. मी फिजिओथेरपिस्ट. पेशंटांच्या भाषेत मालिशवाला. आइस्क्रीमच्या काड्यांची चवड करून ती दातांत धरायला लावायची, आणि दर काही दिवसांनी चवडीत एक काडी वाढवायची. तोंड इंचाइंचानं परत उघडतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगायचो.

एकदा सरांनी मला विचारलं, “काड्यांनीच उघडते कशावरून? आपोआप उघडत नसंल कशावरून?”

मी म्हणालो, सर, मला वाटतं.

“तुले वाटते. वाटणं आणि असणं यामधात गोंदिया-नागपूर एवढं अंतर हाये. आणि गाडी लेट हाये.”

झालं. तिथून आमचं संशोधन सुरू झालं. सरांनी घरून देवपूजेचा पितळी लोटा आणला. त्यात घड्या केलेल्या चिठ्ठ्या टाकल्या. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटला सगळं समजावून, त्याची सही घेऊन मग त्याच्याच हातानं एक चिठ्ठी उचलायला लावायची. काहींवर ‘काड्या’ लिहिलेलं, काहींवर ‘नेहमीचा सल्ला’. काड्यावाल्यांना मी व्यायाम शिकवायचा. बाकीच्यांना फक्त तोंड हलवत राहा एवढंच सांगायचं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची तोंडं तपासायची. फरक दिसला तर पुढे प्रत्येक पेशंटला काड्या आणि शिकवणारा माणूस. नाही दिसला तर माझी खोली बंद, कारण दवाखान्याच्या मालकांचा त्या खोलीवर औषधाच्या दुकानासाठी केव्हाचा डोळा होता. म्हणजे त्या लोट्यात माझी रोजीरोटी होती आणि पुढे येणाऱ्या कितीतरी लोकांची जेवणं होती.

ज्याला ‘सल्ला’ यायचा तो रडवेला व्हायचा. मलेच काऊन नाई जी काड्या, म्हणायचा. सर त्याच्या पलंगावर बसून खांद्यावर हात ठेवायचे. “काड्यांनी फायदा होते हे मले माहीत असतं तं लोटा कायले ठेवला असता बाप्पा? तुले देल्या असत्या ना.” आणि जाता जाता आमच्याकडे बघून ठरलेलं वाक्य टाकायचे, “चिठ्ठी फिरत नाई.” हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणायचे, की वॉर्डातला पंखासुद्धा तेच म्हणत फिरायचा. त्याचा अर्थ असा, की ज्याच्या हाती जी चिठ्ठी आली तो माणूस त्याच गटात मोजायचा, शेवटपर्यंत. मग त्यानं काड्या दातांत धरो नाहीतर चुलीत घालो. नाहीतर जो तो आपल्या सोयीनं माणसं इकडची तिकडे करेल आणि उत्तर मनासारखं काढेल, असं सरांचं म्हणणं.

आता मोजायचं कसं, हा वांधा. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नागपूरच्या कमिटीनं छापील प्रश्न पाठवले होते. ‘आपल्याला सार्वजनिक ठिकाणी भोजन करताना संकोच वाटतो काय?’ देवरीकडच्या जंगलातून दोन बस बदलून आलेल्या माणसाला मी हे वाचून दाखवायचो आणि तो हात जोडून म्हणायचा, “बरं हाये जी.” पुढचा प्रश्न. बरं हाये जी. आमच्या मुलखात डॉक्टरनं कसं आहे विचारलं की बरं आहे म्हणायचं, हा रिवाज आहे. पाहुण्याला जेवण कसं झालं विचारल्यासारखंच ते. डॉक्टरनं एवढं केलं, त्याला वाईट कशाला वाटू द्यायचं? अर्धा जबडा नाही, नळीनं दूध चाललंय, पण बरं हाये जी. कमिटीच्या हिशेबानं आमचे पेशंट ऑपरेशनआधीपेक्षा सुखी झाले होते.

सरांनी ते प्रश्न बाजूला ठेवले आणि बसस्टँडवरून आलूबोंडे मागवले. अख्खा बोंडा दातानं तोडून खाल्ला तर उत्तम. चुरून, तर्रीत भिजवून खाल्ला तर मध्यम. नुसती तर्री ओढली तर वाईट. “बरं हाये हे उत्तर नाई,” सर म्हणायचे, “बोंडा खाऊन दाखव.”

बोंड्यासमोर कोणाला खोटं बोलता येईना. पण कमिटीनं विचारलं, बोंड्याचा आकार प्रमाणित आहे काय? सर त्यानं असे पेटले की त्यांनी बोंडेवाल्याच्या गाड्यावर तळ ठोकला. कढईतून निघणारा प्रत्येक बोंडा पट्टीनं मोजायचे आणि मोठा निघाला की बाद. बाद झालेला स्वतः खायचे. सरांचं वजन त्या संशोधनात जेवढं वाढलं, तेवढं पेशंटांचं वाढलं असतं तर आम्हाला बक्षीस मिळालं असतं. शेवटी बोंडेवाला वैतागून म्हणाला, “साहब, आप ऑपरेशन करो, आलू मैं देखता हूँ.” पण त्या दिवसापासून गोंदियात त्याच्या गाड्यावर पाटी लागली, ‘डॉक्टरी माप का आलूबोंडा’, आणि धंदा असा वाढला की त्यानं दुसरा गाडा काढला.

पट्टी मात्र सरांनी कधी सोडली नाही. समोर तोंड दिसलं की ती बाहेर यायची. एका लग्नात नवरदेव जांभई द्यायला गेला आणि मिटायच्या आत सरांची पट्टी आत. बिरसीला आमचं शिबीर होतं, तिथे लोक तोंड उघडायला लाजत होते. इतक्यात पायलट शिकणाऱ्या पोरांचं छोटं विमान डोक्यावरून गेलं. सगळा गाव वर बघायला लागला, आ वासून. सर एका टोकापासून सुटले आणि विमान धावपट्टीवर उतरेपर्यंत सगळी रांग मोजून मोकळे. मग रोज विमानाची वाट बघायचे. देवरीला तर त्यांनी हायवेवर चालत्या बसच्या खिडकीतून एक पेशंट मोजला. सर धावताहेत, पेशंट मुंडी बाहेर काढून आ करतोय आणि कंडक्टर सरांना सांगतोय, की आत येऊन मोजाल तर अर्ध्या तिकिटात नेतो. बस साकोलीपर्यंत गेली आणि सर तिच्याबरोबर, असं मी लोकांना सांगतो. साकोलीपर्यंत नसतील गेले. पण पुढच्या ढाब्यापर्यंत नक्की.

तर हा खलनायक आणि हा बाबाजी. दोघं एकाच आठवड्यात वॉर्डात आले, पलंगाला पलंग लावून. खलनायकाचा केशोरीकडच्या गावांत मोठा दरारा. दिवाळीनंतर मंडया भरल्या की गावोगावच्या नाटकांत त्याच्याशिवाय कुणाचं कुंकू पुसलं जायचं नाही. त्याच्या हसण्यानं बाया पोरांना पदराखाली घ्यायच्या. बाबाजी होता साधा धानवाला, पाच-सहा कोसांवरच्या खेड्यातला. आयुष्यात त्यानं एकच शौक केला, नाटक पाहण्याचा. पुढच्या रांगेत बसायचं आणि खलनायकाला मनसोक्त शिव्या द्यायच्या. पहिल्या दिवशी शेजारच्या पलंगावर तो दिसला, तेव्हा बाबाजीनं सवयीनं एक शिवी दिली आणि मग पाया पडला.

लोट्यातून बाबाजीला ‘काड्या’ आल्या आणि खलनायकाला ‘सल्ला’. खलनायक सरांवर उखडला. मंडईला सहा-सात महिने आहेत, तोंड उघडलं नाही तर मी करू काय, मुक्याची भूमिका? सरांनी त्याचा हात हातात घेतला. मग म्हणाले, चिठ्ठी फिरत नाई. त्या रात्री सर जेवले नाहीत, असं त्यांच्या मंडळींनी मला सांगितलं. तेवढं मात्र वाढवून सांगत नाही.

काड्या कुणी खरंच वापरतो की नाही हे कळावं म्हणून सरांनी एक युक्ती काढली होती. हलवायाकडून मिठाईचा हिरवा रंग आणून ते काड्यांची टोकं त्यात बुडवायचे आणि वाळवायचे. नेमानं वापरणाऱ्याच्या दाढांवर हिरवट छटा यायची. आमच्या वॉर्डात काही दिवस राघूंचं संमेलन भरल्यासारखं वाटायचं.

पुढे तपासणीचा दिवस आला. बाबाजी आला तो ओठांपासून हिरवागार, पोपटानं लाजावं असा. सरांनी खूश होऊन त्याची पाठ थोपटली आणि बोंडा पुढे केला. बाबाजीनं बोंड्याकडे पाहिलं, चुरायला घेतला, मग चुराही नको म्हणाला आणि तर्री ओढली. वाईट. मागून खलनायक आला. स्वच्छ पांढरे दात. त्यानं बोंडा एका घासात संपवला आणि आणखी एक मागितला.

सर पट्टीकडे पाहत राहिले. मी भिंतीकडे. ज्याला काड्या त्याचं दार बंद, ज्याला नाहीत त्याचं सताड उघडं. आमची आणखीही माणसं होती, पण ती सगळी अधलीमधली, इकडे ना तिकडे. काट्याचं पारडं खाली-वर करणारे हेच दोघे निघाले आणि पारडं उलटं गेलं. मालकांनी त्या दिवशीच माझ्या खोलीत औषधांची कपाटं मोजून घ्यायला सुतार पाठवला.

मी सुतारावर भडकलो. सर भडकले नाहीत, ते गोंधळले, आणि ते जास्त वाईट होतं. खलनायकाचं तोंड कशानं उघडलं, या एका प्रश्नानं ते पछाडले. आधी त्यांना वाटलं पाणी. केशोरीच्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणलं. मग वाटलं, तांदूळ. आणि एके दिवशी राउंडच्या मधेच त्यांनी मांडीवर थाप मारली. “बोंबलण्यानं! तो बोंबलते ना बे!”

झालं, वॉर्डात बोंबलण्याचा प्रयोग सुरू झाला. सकाळी दूध, मग इंजेक्शन, मग संवाद. पलंगापलंगावरून रोगी माणसं मिटल्या तोंडानं ‘किल्ल्या टाक’ म्हणताहेत, म्हाताऱ्या बाया ‘राखरांगोळी करीन’ म्हणताहेत. मोठ्या सिस्टर एकदा चाव्यांचा जुडगा घेऊन आत आल्या आणि चारी बाजूंनी ‘किल्ल्या टाक’ ऐकून त्यांनी खरंच टाकल्या. सर सगळ्यांना मोजायचे. कुणाचंही सुताएवढं वाढेना. सरांनी निष्कर्ष काढला की वॉर्डात बोंबलणं आणि रंगमंचावर बोंबलणं वेगळं, तेव्हा चला केशोरीला. जाताना वाटेत बाबाजीचं गाव लागलं. तो कट्ट्यावरच बसला होता. नाटकाची तालीम म्हटल्यावर न विचारता जीपमध्ये चढला.

अशा रीतीनं आम्ही त्या गोदामात होतो, खलनायकाच्या दातांत पट्टी होती आणि सरांच्या दातांत टॉर्च.

सरांनी पट्टी वाचली. मग टॉर्च हातात घेऊन आणखी आत पाहिलं. मग आणखी. आणि मग हळूच पट्टी काढून घेतली.

“दाढा हिरव्या हायेत तुह्या,” ते म्हणाले.

खलनायकानं पहिल्यांदाच तोंड मिटलं. राइस मिल लुटणारा, कुंकू पुसणारा तो माणूस, पण त्याची नजर सरळ पोत्यांच्या थप्पीकडे गेली, बाबाजीकडे. बाबाजी पत्र्याकडे पाहत होता, कबुतरं परत आली का ते बघत असल्यासारखा.

मग खलनायकानं सगळं सांगितलं, संवादाच्या आवाजात नाही, अगदी घरच्या आवाजात. वॉर्डात असतानाच बाबाजीनं काड्यांचा गठ्ठा त्याच्या उशीखाली सरकवला होता. मी बाबाजीला शिकवायचो तेव्हा हा शेजारून बघून शिकायचा. घरी गेल्यावर नव्या काड्या न्यायला बाबाजी दवाखान्यात यायचा आणि परस्पर केशोरीच्या बसमध्ये चढायचा. तपासणीच्या दिवशी तेवढी एक काडी बाबाजीनं मागून घेतली आणि दाराबाहेर ओठांना चोळून तो आत आला. खलनायक त्या दिवशी दात राखेनं घासून आला होता. आज तालमीच्या आधी विंगेत काड्या लावून बसला होता, तोंड धुवायला वेळ मिळाला नाही.

मी नाचायचाच बाकी होतो. काड्यांनीच उघडलं होतं! ज्यानं वापरल्या त्याचं उघडलं, ज्यानं नाही त्याचं मिटलं. माझं वाटणं आणि असणं एकाच स्टेशनावर आलं होतं. मी सरांना म्हणालो, आता त्याला काड्यांमध्ये धरू, बाबाजीला सल्ल्यात धरू, पारडं सरळ होतं, सुतार परत पाठवू.

सर माझ्याकडे असं पाहायला लागले की मीच खलनायक.

“चिठ्ठी फिरत नाई,” ते म्हणाले. पण या वेळी ते वाक्य त्यांच्या तोंडून ओढून काढल्यासारखं आलं.

परतीच्या जीपमध्ये सरांची बडबड ऐकून ड्रायव्हरनं दोनदा गाडी चुकीच्या रस्त्याला घातली. उत्तर डोळ्यांनी पाहिलंय पण लिहिता येत नाही. जे लिहायचं ते डोळ्यांसमोर खोटं ठरलंय. मग ते म्हणाले, जे झालं ते जसंच्या तसं कळवू, कुणी कोणाच्या काड्या घेतल्या ते सगळं, आणि पुन्हा सुरुवात करू, नवा लोटा. मग म्हणाले, नवा लोटा कशाला, इथली माणसं तीच राहतील, भाजी केली की वाटी शेजारी गेलीच पाहिजे. मग हसले. मग थांबले. मला आजही सांगता येत नाही ते त्या वेळी चिडले होते की खूश होते. त्यांनाही नसेल सांगता आलं. कमिटीला त्यांनी पुढे खरंच सगळं जसंच्या तसं कळवलं आणि कमिटीचं उत्तर असं आलं की त्यावरून तीही गोंधळली असावी: मुदत वाढवून देत आहोत, बोंड्याचा फोटो पाठवावा. सुतार तेवढ्यापुरता परत गेला.

पण हे नंतरचं. त्या दिवशी जीप बाबाजीच्या दाराशी थांबली. सूर्य धानाच्या बांध्यांवर टेकला होता. सर स्वतः उतरले, बाबाजीला हात देऊन उतरवलं आणि डिकीतून काड्यांचा नवा गठ्ठा काढून त्याच्या हातात ठेवला. अजून थोडं उघडेल, पहिल्यासारखं नाही, पण उघडेल, म्हणाले. उद्यापासून हा मालिशवाला तुमच्याकडे येईल. बाबाजीनं मान हलवली. गठ्ठा धोतराच्या कनवटीला खोचायला लागला, तशी सरांनी त्याच्या मनगटाला धरलं.

“बाबाजी, खरं सांगा. सहा महिने पेज पिऊन राह्यले तुमी. सगळ्या काड्या त्याले देल्या. स्वतःसाठी काऊन नाई ठेवल्या?”

बाबाजीला प्रश्न कळला नाही असं वाटलं. त्यानं आधी सरांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. एवढे शिकलेले लोक हे काय विचारून राहिले, असं. बारीक फटीतून, शब्द एकेक सोडवत तो बोलला.

“मले तं नाटक पाहायचंच होतं जी. पाहायले तोंड कायले लागते?”